डोक्यावरून गेलेली वीज

कोयनेचे पाणी अडले, सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या पोफळीच्या वीजघरातील चक्रे फिरू लागली आणि १९६२ साली तिथली वीज मुंबईकडे निघाली. तेव्हापासून आमच्या मुलखात एक प्रश्न विचारला जात आला. घाटमाथ्यावरच्या पाटण-जावळीकरांनी तो विचारला, तसाच खाली कोकणातल्या लोकांनीही विचारला. धरण आमच्या उशाशी, तारा आमच्या डोक्यावर, आणि उजेड मात्र मुंबईला. हा कुठला न्याय? शेताच्या बांधावर उभे राहून वर पाहावे, तर उंच लोखंडी मनोरे एकमेकांचे हात धरल्यासारखे डोंगरामागून डोंगर ओलांडीत चाललेले, आणि संध्याकाळी घरात मात्र रॉकेलची चिमणी!

या प्रश्नाचे राजकारणातले उत्तर ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे दिले. मी पडलो शाळामास्तर. आधी साताऱ्यात आणि नंतर सांगलीकडे अशी सारी नोकरी मुलांना विज्ञान शिकविण्यात गेली. त्यामुळे मला या प्रश्नाचे निम्मे उत्तर क्रमिक पुस्तकात दिसत आले आहे. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम या तीन नावांची जी गणिते मुले परीक्षेपुरती पाठ करतात आणि निकालाच्या दिवशी विसरतात, त्याच गणिताने मुंबईला दिवा दिला आणि मनोऱ्याखालच्या माणसाला थांबवून ठेवले. उरलेले निम्मे उत्तर माणसांचे आहे, त्याच्याकडेही येऊच.

ओहम हे एका माणसाचे नाव आहे, हे सांगितले की मुलांना गंमत वाटे. गेऑर्ग सायमन ओहम १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन गावी जन्मला. बाप कुलपे करणारा कारागीर. पण त्याने स्वतः शिकून मुलांना घरीच गणित शिकविले. ओहम पुढे कोलोन शहरातल्या शाळेत मास्तर झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने तारांचे तुकडे घेऊन त्यांतून वीज सोडून पाहायला सुरुवात केली. त्या काळची अडचण अशी की, १८०० साली व्होल्टाने शोधलेली विद्युत्घटांची रास भरवशाची नव्हती. पाच मिनिटांत तिचा जोर उतरे, आणि तार बदलल्यामुळे वीज कमी झाली की रास थकल्यामुळे, हेच कळेनासे होई. ओहमने मग युक्ती काढली. तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. उकळते पाणी आणि बर्फ यांचे तापमान काही हलत नाही. तेव्हा विजेचा दाबही हलला नाही. वर टांगलेल्या चुंबकसूचीने प्रवाह मोजला. तारेची लांबी दुप्पट केली, तिच्यापुरता विरोध दुप्पट झाला. इतके सरळ उत्तर निसर्ग क्वचितच देतो.

१८२७ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. त्या साली साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांचे राज्य होते, एवढे सांगितले म्हणजे काळाचा अदमास येईल. पुस्तकाचे स्वागत थंड झाले. निसर्गाचा नियम गणिताने मांडायचा, हेच तिकडच्या काही विद्वानांना रुचले नाही. ओहमने नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे हलाखीत काढली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. म्युनिकची प्राध्यापकी मिळाली ती १८५२ साली, आणि १८५४ साली तो वारला. मास्तर जातीचे नशीब सगळ्या देशांत सारखेच, असे मी वर्गात म्हणत असे आणि पुढच्या बाकावरची मुले आदबीने हसत.

आणखी एक मौज. हाच नियम इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या विक्षिप्त श्रीमंताला १७८१ सालीच सापडला होता. त्याच्याजवळ प्रवाह मोजायचे यंत्र नव्हते, म्हणून त्याने स्वतःच्या शरीराचेच यंत्र केले! वीज अंगातून सोडायची आणि कुठला धक्का अधिक बसला याची मनाशी तुलना करायची. एवढे सोसून मिळविलेले ज्ञान त्याने छापले मात्र नाही. त्याचे कागद मॅक्सवेलने १८७९ साली प्रसिद्ध केले, तोपर्यंत नियमाला ओहमचे नाव पक्के चिकटले होते.

आता नियम. वाचकहो, पान उलटू नका; यात आपल्या घरातल्या नळापलीकडे काही नाही. गच्चीवर टाकी आहे. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. विजेत त्याला व्होल्ट म्हणतात. नळातून जी धार पडते ती अँपिअर. आणि नळी जितकी लांब व बारीक, तितकी ती धारेला अडविते. ते अडविणे म्हणजे ओहम. दाबाला धारेने भागले की विरोध मिळतो, आणि दाबाला धारेने गुणले की कामाची शक्ती, म्हणजे वॅट. आपल्या घरात वीज २३० व्होल्टांनी येते. जुन्या पद्धतीचा तारेचा ६० वॅटचा दिवा घेतला तर ६० ला २३० ने भागा. एका अँपिअरचा जेमतेम चौथा हिस्सा वीज तो घेतो. मग २३० ला त्या आकड्याने भागा. दिव्याचा विरोध सुमारे ८८० ओहम निघतो. हजार वॅटची इस्त्री मात्र सव्वाचार अँपिअरांहून अधिक घेते, कारण तिचा विरोध ५३ ओहमच्या आसपास असतो. म्हणजे अधिक तापणाऱ्या वस्तूचा विरोध कमी! मुलांचा यावर विश्वास बसत नसे. मी त्यांना घरी जाऊन इस्त्रीवरची पाटी वाचायला सांगत असे.

या हिशोबात एक खोच आहे, आणि पुढची सारी कथा तिच्यावरच उभी आहे. १८४१ साली जेम्स जूल या दारूभट्टीवाल्याच्या मुलाने दाखविले की, तारेतून वीज जाताना जी उष्णता वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. धार दुप्पट केली की नासाडी चौपट. धार दहापट केली की नासाडी शंभरपट. पण शक्ती म्हणजे तर दाब गुणिले धार. तेव्हा तीच शक्ती पाठवायची असेल तर दाब वाढवा आणि धार कमी करा; नासाडी आपोआप आटते. माल तोच, पण शंभर बैलगाड्यांनी रस्ता उखडीत न्यायचा की एका उंच तारेवरून अलगद सोडायचा, एवढाच प्रश्न.

एडिसनला हे ठाऊक होते, पण त्याची वीज एकाच दिशेने वाहणारी. तिचा दाब वाढवायचा-उतरवायचा सोपा मार्ग त्या वेळी नव्हता. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने ११० व्होल्टांवर दिवे लावले, आणि मैलभर अंतरापलीकडे ते नेणे त्याला परवडेना. उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा दाब मात्र रोहित्राने हवा तसा चढविता-उतरविता येतो. (आमच्याकडे रोहित्राला कुणी रोहित्र म्हणत नाही. त्याला ‘डीपी’ म्हणतात.) १८९१ साली जर्मनीत लाउफेन गावच्या नदीवरून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत, १७५ किलोमीटर, १५ हजार व्होल्टांनी वीज नेली, आणि सुमारे पाऊण वाटा सुखरूप पोचली. त्या दिवसापासून धबधबा एकीकडे आणि गिरणी दुसरीकडे, हे शक्य झाले.

आपल्या देशात काय झाले पाहा. १९०२ साली कावेरीच्या शिवनसमुद्रावर वीज तयार होऊ लागली. ती पहिल्याने गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींना. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते १९०५ साली. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरविले आणि एक लाख व्होल्टांच्या तारांनी वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना दिली. खोपोली ते मुंबई या वाटेवरची गावे तशीच राहिली. कोयनेवरही टाटांचा डोळा होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या खोऱ्याची पाहणीही झाली, पण नंतरच्या मंदीत तो बेत बारगळला.

त्या काळी आमच्याकडे उजेड म्हणजे काय होता, तेही सांगितले पाहिजे. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. तिकडे औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. हे सारे तेव्हा सातारकडचेच गणले जाई. जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा निराळा झाला तो १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली. सांगलीत धोंडुमामा साठ्यांच्या खटपटीने १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे त्याला वालचंदांचे नाव दिले गेले. म्हणजे यंत्र करणारी माणसे होती, यंत्र शिकविणारी संस्था होती, कंदीलही होता. नव्हती ती वीज.

ती आली कोयनेची. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधले. मागे शिवसागर जलाशय पसरला. पाण्याचा नैसर्गिक उतार पूर्वेकडे, कराडला कृष्णेत मिळण्याचा. ते बोगद्याने उलटे पश्चिमेला वळविले आणि सह्याद्रीच्या कड्यातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडले. या उंचीचा हिशोब मोठा सुटसुटीत आहे. हजार लिटर पाणी तेवढे खाली पडले की वजा-घट जाऊन एक युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. म्हणजे घरच्या टाकीतले पाणी पोफळीला सोडले, तर ती हजार वॅटची इस्त्री तासभर चालेल!

आता आपले गणित कोयनेला लावू. पहिल्या टप्प्यातील एका संचाची क्षमता पुढे वाढवून ७० मेगावॅट झाली, म्हणजे सात कोटी वॅट. वीजवाले तीन तारांचा हिशोब करतात, त्यात एक निराळा गुणक येतो. तो बाजूला ठेवू आणि समजण्यापुरते धरू की मुंबईपर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरांच्या जाण्यायेण्याच्या तारेचा विरोध २० ओहम आहे. ही वीज ११ हजार व्होल्टांनी पाठवायची म्हटली तर धार होते ६,३६४ अँपिअर. तारेच्या विरोधाला एवढी धार लोटायला जो दाब खर्ची पडेल तो सव्वा लाख व्होल्टांच्या वर. आणि आपल्याजवळ होते अकराच हजार! वीज मुंबई सोडाच, पहिला घाटही ओलांडणार नाही. तीच २ लाख २० हजार व्होल्टांनी पाठवा. धार उतरते ३१८ अँपिअरांवर. दाब खर्ची पडतो सहा हजार व्होल्टांच्या आसपास, आणि नासाडी होते सुमारे वीस लाख वॅट, म्हणजे शेकडा तीनहूनही कमी. कोयनेच्या तारा खरोखरच २ लाख २० हजार व्होल्टांच्या आहेत. पुढे चौथ्या टप्प्याच्या एक हजार मेगावॅटसाठी ४ लाख व्होल्टांच्या घातल्या.

येथे मनोऱ्याखालचा माणूस विचारतो, “मग त्यातला एक फाटा मला द्यायला काय हरकत?” हरकत अशी की, त्या तारेत दिव्याला सोसणारा दाब नाही, तिच्याहून सुमारे हजारपट अधिक आहे. तो उतरविण्यासाठी पायरी पायरीने रोहित्रे लागतात. आणि दोन लाखांवरून दाब उतरविणारे पहिले रोहित्र एखाद्या खोलीएवढे प्रचंड असते, कारण त्याची विद्युत्रोधक बांधणी ठरते ती दाबावरून. मागणी एका गावाची आहे की शंभर गावांची, याची तिला पर्वा नाही. पन्नास घरांसाठी ते बसविणे म्हणजे पेलाभर पाण्यासाठी धरणाला दार पाडणे. जिथे एका ठिकाणी हजारो अँपिअर घेणारे गिऱ्हाईक आहे, तिथेच ते परवडते: कोलारला खाण, मुंबईला गिरणी. ज्या गुणाकाराने वीज लांब जाते, त्याच गुणाकाराने ती जवळच्याला महाग होते. यात कुणाची लबाडी शोधू जाल तर ओहम आणि जूल यांनाच आरोपी करावे लागेल.

पण इतकेच सांगून थांबलो तर मी गणिताआड लपलो असे होईल. गणित एवढेच सांगते की फाटा काढणे खर्चाचे आहे. तो खर्च कुणासाठी करायचा हे माणसे ठरवितात. शिवसागराखाली ज्यांची गावे गेली, ती माणसे आपली कुळदैवते टोपलीत घालून निघाली. कुणी सांगली-सोलापूरकडे गेले, कुणी खाली ठाणे-कुलाब्याकडे. त्यांच्या नव्या वसाहतींत कित्येक ठिकाणी साधे पाणी आणि जमिनीचा सातबारा यांसाठी दुसऱ्या पिढीला झगडावे लागले. मुंबईच्या वीज-देयकात त्यांच्यासाठी एक पैसा निराळा धरला असता, तर फाट्याचा खर्च कधीच निघाला असता, असे माझे मत आहे, आणि ते बदलावे असे काही मी आजवर ऐकलेले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर कोसळले, सुमारे १८० माणसे गेली, वीज थांबली, आणि मुंबईचे कारखाने अडले. आपल्या दिव्याची दुसरी टोके कुठल्या डोंगरात आहेत, हे शहरातल्या पुष्कळांना त्या सकाळी पहिल्यांदा कळले.

यथावकाश वीज खेड्यांत आली. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाने खांब रोवले, आणि कृष्णाकाठी तिचे पहिले प्रेम दिव्यांवर नव्हे, पाण्याच्या मोटारीवर जडले. वाळव्याचा ऊस, तासगावची द्राक्षे, सारे त्या मोटारीच्या जिवावर. आणि येथे आपले गणित पुन्हा उभे राहिले, या वेळी उलट्या अंगाने.

गावात एक डीपी. तिच्यातून निघालेली तार एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात, तिथून तिसऱ्या, अशी मैलभर जाते. दाब कमी, धार मोठी, तार बारीक. म्हणजे कोयनेला जे टाळले तेच सारे इथे. डीपीजवळच्या शेतकऱ्याला ४१५ व्होल्ट मिळतात. प्रत्येक मोटार आपली धार ओढते, प्रत्येक हात तारेत दाब झिजतो, आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या स्टार्टरवर काटा तीनशेवर येऊन थरथरतो. त्यात कुणी रात्री आकडा टाकला असेल तर बोलायलाच नको. आता पाच अश्वशक्तीची मोटार घ्या. पुऱ्या दाबाला ती साडेसात अँपिअरांच्या आसपास घेते. दाब तीनशेवर आला तरी विहिरीतले पाणी काही हलके होत नाही; काम तेच करायचे, म्हणून मोटार अधिक धार ओढते, दहा अँपिअरांच्या वर. आणि जूल सांगून गेला आहे की तापणे वर्गाच्या प्रमाणात. मोटारीच्या वेटोळ्यात उष्णता जवळजवळ दुप्पट! वरचा लेप करपतो, तांब्याला तांबे भिडते आणि जळका वास येतो.

वाळवा तालुक्यातल्या माझ्या मावसभावाची मोटार एका उन्हाळ्यात दोनदा जळाली. तो तारेच्या अगदी टोकाला. त्याचे गाऱ्हाणे असे, “दादा, वीज कमी आली तर मोटार कमी तापायला हवी की नको?” मी त्याच्या ओसरीवर खडूने आकडे मांडले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे उपाशी बैलाला जास्त चाबूक.” इतक्या वर्षांत मला यापेक्षा चांगले वाक्य सुचले नव्हते. त्या वर्षी रिवाइंडिंगला आणि वाळलेल्या उसाला मिळून गेलेले पैसे त्याला पुढच्या गाळपापर्यंत पुरले नाहीत, हेही त्याने आकड्यांशेजारी त्याच खडूने लिहून दाखविले.

दुष्काळी पूर्वभागाची गोष्ट याहून निराळी. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून खानापूर-आटपाडीकडे टप्प्याटप्प्याने चढवितात. म्हैसाळहून ते कवठेमहांकाळ-जतकडे चढते. पश्चिमेला पाणी पडते आणि वीज होते. पूर्वेला वीज जळते आणि पाणी चढते. कोयनेचे किती पाणी पश्चिमेला वळवावे याला लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे, ती याच ओढाताणीमुळे; आणि दर उन्हाळ्यात सांगलीकर शिवसागराची पातळी वर्तमानपत्रात सोन्याच्या भावाआधी पाहतात.

मोटारीच्या दुखण्यावर औषध सापडले ते नवे नाही. २०१८ साली महाराष्ट्रात कृषिपंपांसाठी एक योजना निघाली. गावात एकच मोठी डीपी ठेवून लांबलचक बारीक तारा ओढण्याऐवजी ११ हजार व्होल्टांची तार थेट मळ्यांपर्यंत न्यायची, आणि एका-दोघा शेतकऱ्यांमागे एक लहानशी डीपी बांधावरच बसवायची. गणित तपासून पाहा. शंभर किलोवॅट शक्ती एक ओहमच्या तारेतून २३० व्होल्टांनी न्यायची तर धार ४३५ अँपिअर, आणि दाब खर्ची पडावा ४३५ व्होल्ट. हातात आहेत २३०, तेव्हा ती जातच नाही. ११ हजारांनी न्या. धार नऊ अँपिअर, तूट नऊ व्होल्ट, नासाडी ऐंशी-ब्याऐंशी वॅट. जुन्या शंभराच्या दिव्याइतकीसुद्धा नाही. शिवाय अकरा हजारांच्या तारेवर आकडा टाकायला कुणी धजत नाही. जे खोपोलीच्या वीजवाल्यांनी १९१५ साली गिरण्यांसाठी केले, ते बांधापर्यंत यायला शंभरावर तीन वर्षे लागली.

मावसभावाच्या बांधावरही अशी एक डीपी उभी राहिली आहे. फार मोठी नाही, दोन खांबांमध्ये बसते. त्याने स्टार्टरशेजारी व्होल्टाचा काटा लावून घेतला आहे. सकाळी पाणी सोडण्याआधी तो तिकडे पाहतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि मग बटण दाबतो. परवा फोनवर म्हणाला, “चारशे पाच.”